नात्यातली लैंगिक हिंसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न सोसणाऱ्यांचे आहेत, तर बरेचसे त्यांच्या बहिणींचे, मैत्रिणींचे आणि भावांचे. उत्तरांत बहुतेक ठिकाणी ‘ती’ म्हटलं आहे, कारण बहुतेक वेळा सोसणारी बाई असते. पुरुषांबद्दल आणि समलिंगी जोडप्यांबद्दल प्रश्न १२ पाहा. आत्ता जिवाला धोका वाटत असेल, तर आधी प्रश्न ८ वाचा, बाकीचं नंतर.

१. दोघं नवरा-बायको आहेत, प्रेमात आहेत. मग त्यांच्यात बलात्कार कसा होऊ शकतो?

संमती नात्याला दिलेली नसते. ती त्या त्या वेळी, त्या त्या कृतीला द्यायची असते आणि मध्येच काढूनही घेता येते. काल हो म्हटलं म्हणून आज हो होत नाही. लग्नाला वीस वर्षं झाली तरी हे बदलत नाही. अनोळखी माणूस अंधारात गाठतो, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की घरातलं घडलेलं ओळखूच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. म्हणजे साधारण चौघींमागे एक.

२. तो मारत नाही. नुसता मागे लागतो, अबोला धरतो, चिडचिड करतो. याला हिंसा म्हणायचं का?

जोडीदाराला इच्छा होणं, त्याने विचारणं, नकार ऐकून थोडं हिरमुसणं यात हिंसा नाही. ‘नाही’ म्हटल्यानंतर काय होतं, ते बघा. नकार तिथेच संपतो का? की त्यानंतर घरखर्चाचे पैसे थांबतात, मुलांवर राग निघतो, ‘मग मी बाहेर जातो’ अशी धमकी येते, रात्रभर झोपू दिलं जात नाही? नकाराची शिक्षा भोगावी लागत असेल, तर नंतर आलेला ‘हो’ हा होकार नसतो. तो फक्त सुटका करून घेण्याचा मार्ग असतो.

काही बायका रात्री मुद्दाम कामं लांबवतात. घासलेला ओटा पुन्हा घासतात, आधीच घडी केलेले कपडे पुन्हा घडी करतात आणि आतून घोरण्याचा आवाज आला की मगच खोलीत जातात. यांतल्या कितीतरी जणी सांगतात, ‘तसं काही होत नाही हो, मारत वगैरे नाहीत.’ पण स्वतःच्याच घरात झोपायला जायची भीती वाटणं, हे पुरेसं लक्षण आहे.

३. मी ओरडले नाही, ढकललं नाही, नुसती पडून राहिले. मग चूक माझीच ना?

नाही. संकटात माणूस लढतो किंवा पळतो एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं. तिसरीही एक गोष्ट होते: शरीर थिजतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, काही जणींना आपण छताला टांगून खाली बघतोय असं वाटतं. हे ठरवून होत नाही, मेंदू परस्पर करतो. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या सुमारे ३०० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींनी असं थिजणं अनुभवलं होतं.

नात्यात याला आणखी एक बाजू असते. विरोध केला तर जास्त लागतं, शेजारच्या खोलीतली मुलं जागी होतात, हे तिला अनुभवाने कळलेलं असतं. गप्प राहणं हा त्या क्षणी स्वतःला वाचवण्याचा तिचा निर्णय असू शकतो.

हा प्रश्न फार कमी जणी उघडपणे विचारतात, तरी लिहिणं गरजेचं आहे: जबरदस्तीच्या वेळी शरीराने प्रतिसाद दिला, ओलावा आला, उत्तेजना आली, तरी ती संमती नसते. गुदगुल्या नको असताना हसू येतं, तशीच ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. या एका गोष्टीची लाज कित्येक जणी वर्षानुवर्षं उराशी बाळगतात.

४. न सांगता कंडोम काढणं, गोळ्या फेकून देणं, हेही यातच येतं का?

हो. तिने एका अटीवर होकार दिला होता आणि ती अट तिच्या नकळत मोडली गेली. मूल व्हावं म्हणून गर्भनिरोधक लपवणं, उलट नको असताना गर्भपात करायला लावणं, हेही त्यातलंच. खासगी फोटो-व्हिडिओ काढून ‘ऐकलं नाहीस तर सगळ्यांना पाठवीन’ म्हणणं, नको असलेल्या गोष्टी व्हिडिओत बघून करायला लावणं, झोपेत किंवा नशेत असताना संबंध ठेवणं, ही सगळी लैंगिक हिंसाच आहे.

५. एरवी तो फार चांगला आहे. दारू प्यायला की तोल जातो, असं म्हणता येईल ना?

दारूने हिंसा वाढते, हे खरं. पण तोल गेला असं म्हणण्याआधी बारकाईने आठवून बघा. तो आधी दार लावून घेतो का? मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो का? जखम दिसणार नाही अशाच जागी दुखवतो का? सकाळी पाहुण्यांसमोर व्यवस्थित वागतो का? एवढं भान शिल्लक असेल, तर तोल गेलेला नाही.

त्याचा चांगुलपणा खोटाच असतो, असंही नाही. माणूस एका बाबतीत मायाळू आणि दुसऱ्या बाबतीत क्रूर असू शकतो. म्हणूनच ती गोंधळते आणि म्हणूनच बाहेरच्यांना तिचं सांगणं पटत नाही.

६. मग ती त्याला सोडून का देत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो जवळजवळ कधीच ‘तो असं का करतो?’ असा विचारला जात नाही. कारणं साधी असतात: पैसा त्याच्या हातात, राहायला दुसरी जागा नाही, मुलं, माहेरचे परत पाठवतील ही भीती, आणि प्रेमही. त्यात एक कारण बाहेरून दिसत नाही. निघून जाण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा काळ असतो, कारण हातातून ताबा सुटतोय हे त्याला कळतं. ती थांबलीय तेव्हा कदाचित तुमच्यापेक्षा जास्त हिशेब तिने केलेला असेल. बऱ्याच जणी अनेकदा जातात आणि परत येतात. परत आल्यावर तुमचं दार उघडं राहिलं, तर पुढच्या वेळी ती तिथूनच निघू शकते.

७. मैत्रिणीने आत्ताच मला हे सांगितलं. मी काय बोलू?

कमी बोला. जबरदस्तीत तिच्याकडून हिरावला गेला तो निर्णय घेण्याचा हक्क. मदत करताना तोच हक्क आपण पुन्हा हिरावून घेतला, तर हेतू कितीही चांगला असला तरी तिच्या वाट्याला तेच येतं. ‘चल, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ’ म्हणणारी मैत्रीण मायेपोटीच म्हणते, पण त्या खोलीत पुन्हा एकदा कुणीतरी तिच्या वतीने ठरवलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांसाठी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. घरच्यांनाही त्या चालतात: ऐका, तिला काय हवंय ते विचारा, तिच्यावर विश्वास असल्याचं सांगा, ती सुरक्षित कशी राहील ते बघा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण शेवटच्या पायरीवर थेट उडी मारतात.

बोलायचं म्हटलं तर एवढं पुरे: ‘बरं झालं मला सांगितलंस.’ ‘माझा विश्वास आहे तुझ्यावर.’ ‘यात तुझी काही चूक नाही.’ आणि मग, ‘आत्ता तुला काय हवंय?’ ती म्हणेल, ‘काही नको, नुसती बस.’ तर बसा. तपशील विचारू नका. नेमकं काय केलं, किती वेळा, तू काय घातलं होतंस, हे तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. ‘मी असते तर’ ने सुरू होणारं कुठलंही वाक्य गिळून टाका. मिठी मारण्याआधीसुद्धा ‘जवळ घेऊ का?’ असं विचारा. त्याला जाऊन जाब विचारण्याची धमकी तर अजिबात देऊ नका. त्याचा राग तिच्यावर निघणार आहे.

तिने काही सांगितलेलंच नाही, तुम्हाला नुसता संशय आहे, असं असेल तर ती एकटी असताना साधेपणाने विचारा: ‘घरी तुला भीती वाटते का कशाची?’ ती नाही म्हणाली, तर उलटतपासणी नको. ‘कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे’ म्हणा आणि विषय बदला. काही जणी दोन वर्षांनी त्या एका वाक्याचा धागा पकडून येतात. निरोप फोनवर लिहून मात्र पाठवू नका, तिचा फोन कोण बघतं ते तुम्हाला माहीत नाही.

८. धोका किती मोठा आहे, हे कसं ओळखायचं?

एका लक्षणाकडे कधीच दुर्लक्ष करू नका: त्याने तिचा गळा दाबला आहे का? एकदा जरी दाबला असेल, तरी पुढे खून होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, असं जोडीदाराकडून झालेल्या खुनांच्या अभ्यासांत दिसलं आहे. गळ्यावर वळ नसले तरी आतली इजा असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, थोडा वेळ शुद्ध हरपणं यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. याशिवाय हत्याराची धमकी, सतत पाळत, गरोदरपणात मारहाण, ‘तुला मारीन आणि मीही मरेन’ असं बोलणं, आणि लैंगिक जबरदस्ती, हीसुद्धा गंभीर धोक्याची लक्षणं आहेत.

मग तिच्याबरोबर बसून आराखडा करा. बाहेर पडायची वाट कोणती, रात्री कुणाकडे जाता येईल, कुठल्या शब्दावर तुम्ही प्रश्न न विचारता मदत पाठवायची. ओळखपत्रांच्या प्रती, थोडे पैसे, औषधं आणि एक किल्ली तुमच्याकडे ठेवता येते. भारतात तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

९. हे कालच घडलंय. डॉक्टरकडे किती वेळात जायला हवं?

जितक्या लवकर तितकं चांगलं. तक्रार करायची की नाही हे ठरलेलं नसलं, तरी उपचार घेता येतात. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याच्या तातडीच्या गोळीचा परिणाम दर तासाला कमी होत जातो. ती शक्यतो ७२ तासांच्या आत घ्यावी. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. इतर लैंगिक आजार, कावीळ ब आणि धनुर्वात यांबद्दलही विचारा.

पुरावा राखायचा असेल तर अंघोळ, तोंड धुणं, कपडे धुणं शक्य तेवढं पुढे ढकला. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत नको. ओलसरपणाने खराब होतात. कोरड्या कागदी पिशवीत ठेवा. पण अंघोळ झाली असेल, आठवडा उलटला असेल, तरी वाट बंद होत नाही. जखमांची नोंद तेव्हाही होते. पुरुष जोडीदाराला तपासणीच्या खोलीत येऊ देऊ नका, असं डॉक्टरांना सांगण्याचा तिला हक्क आहे.

भारतात ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून ‘तिला संबंधांची सवय आहे का’ ते ठरवणारी तपासणी) कुणी करू लागलं, तर नकार द्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्रीच्या सन्मानाचा भंग करणारी ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याचं वर्तन गैरवर्तन मानलं जाईल, असं बजावलं.

१०. कायदा काय म्हणतो? नवऱ्याविरुद्ध तक्रार करता येते का?

हे देशावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये नवऱ्याला असलेलं संरक्षण १९९१ मध्ये न्यायालयाने संपवलं. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत १९९३ पर्यंत विवाहांतर्गत बलात्कार गुन्हा ठरला. नेपाळमध्ये २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला.

भारतात अजून तसं नाही. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ६३ बलात्काराची व्याख्या करतं आणि त्यातला अपवाद पत्नी १८ वर्षांखालची नसेल, तर नवऱ्याला वगळतो. २०१३ मध्ये, बलात्काराच्या कायद्यात बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने हा अपवाद काढायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मतं फुटली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा अपवाद अन्यायाचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण याचा अर्थ हात बांधलेले आहेत, असा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक अत्याचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याखाली संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. लग्न न करता लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रियांनाही तो लागू आहे. क्रूरतेसाठी न्याय संहितेचं कलम ८५ आहे. नवरा-बायको वेगळे राहत असतील, तर जबरदस्तीला कलम ६७ खाली दोन ते सात वर्षांची शिक्षा आहे. आणि तो अपवाद फक्त नवऱ्यासाठी आहे. प्रियकर, होणारा नवरा, घटस्फोटित नवरा यांना बलात्काराचा कायदा पूर्ण लागू होतो. ‘लग्न ठरलंय, आता काय तक्रार करणार’ हा समज चुकीचा आहे.

गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की, त्या कायद्यापुरता ‘बलात्कार’ या शब्दात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही धरायची. म्हणजे २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येण्याची तरतूद विवाहितेलाही मिळू शकते. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

११. ‘कुणाला सांगू नकोस’ असं तिने बजावलंय. तरीही सांगायची वेळ येते का?

प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत जवळजवळ नेहमी तिचा शब्द पाळायचा. अपवाद तिचा किंवा मुलांचा जीव तातडीच्या धोक्यात असेल तेव्हाचा. तेव्हाही जमलं तर आधी तिला सांगून मग पाऊल उचला.

ती १८ वर्षांखालची असेल तर गोष्ट वेगळी. भारतात पॉक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिला हे आधीच सांगा, नंतर कळलं तर तिला फसवल्यासारखं वाटेल. १०९८ या क्रमांकावरून मदत मिळते. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, म्हणून चांगल्या हेतूनेसुद्धा नातेवाइकांच्या ग्रुपवर काही टाकू नका.

१२. पुरुषांवर अशी जबरदस्ती होते का? समलिंगी जोडप्यांत?

होते. पुरुषाला ‘तुला तर आवडलंच असेल’ असं ऐकवलं जातं आणि तो परत कधी बोलत नाही. समलिंगी जोडीदार ‘घरच्यांना सांगीन’ अशी धमकी देऊ शकतो. प्रश्न २ आणि ३ मधली प्रत्येक गोष्ट इथेही लागू आहे. भारतातला कायदा मात्र फार तोकडा आहे: बलात्काराची व्याख्या आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा स्त्रियांपुरते आहेत, आणि पुरुषावरच्या जबरदस्तीसाठीही वापरता येणाऱ्या, भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ ला नव्या संहितेत पर्याय उरलेला नाही. वैद्यकीय मदत आणि समुपदेशन सगळ्यांना घेता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

१३. दुसऱ्या दिवशी तिने त्यालाच प्रेमाचा मेसेज पाठवला. शिवाय तिच्या सांगण्यात तारखा मागेपुढे होतात. मग खरं कसं मानायचं?

याच माणसाबरोबर संध्याकाळी तिला त्याच घरात राहायचं असतं. वातावरण निवळावं म्हणून गोड बोलणं, काही घडलंच नाही असं वागणं, हे फार नेहमीचं आहे. तारखांचं म्हणाल, तर धक्क्याच्या आठवणी सलग साठत नाहीत. पंख्याचा आवाज, चादरीचा रंग लख्ख आठवतो आणि वार आठवत नाही. जे वर्षानुवर्षं घडत आलंय, त्यातली एक रात्र दुसरीत मिसळते. तुम्ही न्यायाधीश नाही. तपास करणारे तपास करतील, तुम्ही फक्त तिच्या बाजूला बसायचं आहे.

१४. ज्याच्याबद्दल वहिनी सांगतेय, तो माझा सख्खा भाऊ आहे. मी काय करू?

हा फार जड प्रश्न आहे. भावावरचं तुमचं प्रेम एका दिवसात संपणार नाही, ते संपावं अशी अपेक्षाही नाही. पण ‘मी दोघांच्याही मध्ये पडत नाही’ म्हणालात, तर तुम्ही त्याच्या बाजूला उभे राहिलात, कारण गप्प बसण्याचा फायदा त्यालाच आहे. वहिनीला सांगा की तुमचा विश्वास आहे. भावाशी बोलायचं की नाही, कधी बोलायचं, हे वहिनीला विचारल्याशिवाय ठरवू नका (कारण प्रश्न ७ मध्ये आहे). घरातली मोठी माणसं ‘समेट’ घडवायला बसली, तर त्या बैठकीत ती एकटी पडणार नाही एवढं तुम्ही नक्की करू शकता.

१५. माझ्या आताच्या जोडीदाराने आधीच्या नात्यात हे सोसलंय. मी हात लावला की ती दचकते. माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नसेल. शरीराला माणसं वेगळी आहेत हे कळायला वेळ लागतो. एखादा वास, मागून टाकलेला हात, दिवा बंद होणं यांतून जुनं जागं होतं. कशाने होतं ते उजेडात, कपड्यांत, निवांत बसून विचारा. ‘थांब’ म्हणताच थांबा आणि चेहऱ्यावर नाराजी येऊ देऊ नका. नकार देऊनही काही बिघडलं नाही, हा अनुभव तिला कदाचित पहिल्यांदाच मिळत असेल.

१६. मदत करून करून मीच थकले आहे.

तिचं नाव, गाव न सांगता तुम्ही स्वतः समुपदेशकाशी बोलू शकता. रात्री दोननंतर फोन उचलणं जमणार नसेल तर तसं सांगा आणि त्या वेळेसाठी दुसरा क्रमांक द्या. मर्यादा आधी सांगितलेली बरी. अचानक गायब झालेली मैत्रीण जास्त लागते.

१७. हे वाचताना लक्षात आलं की मी माझ्या बायकोशी असंच वागलोय.

हे कबूल करणं सोपं नाही, आणि तिला आणखी त्रास न देता पुढे जायचं असेल तर एवढं करा. आजपासून थांबा, पुढाकार पूर्णपणे तिच्याकडे सोडा. माफी मागायची असेल तर एकदा, स्पष्ट शब्दांत, ‘पण’ न जोडता मागा. ‘माफ केलंस ना?’ असं विचारू नका, ते पुन्हा मागे लागणंच झालं. तिला वेगळं झोपायचं असेल, माहेरी जायचं असेल, कुणाला सांगायचं असेल, तक्रार करायची असेल, तर अडवू नका. हिंसक वर्तनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे एकटे जा. जोडप्याचं एकत्र समुपदेशन या टप्प्यावर नको. तिथे ती तुमच्यासमोर खरं बोलू शकणार नाही, आणि बोललीच तर घरी परत तुमच्याबरोबरच यायचं आहे तिला.